दोन ब्रेकची गाडी

नवऱ्याच्या तेरवीला आमच्या घरी पंगत बसली होती आणि पंगतीत विषय चालला होता गाडीचा. गाडी फाटकाशी उभी होती. पांढरी, छोटी, टपावर मोटर ट्रेनिंग स्कूलची पाटी, पुढेमागे लाल रंगातला इंग्रजी एल. मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते, पण ऐकू सगळं येत होतं. कोणी म्हणालं, भिलाईत माझा एक ओळखीचा आहे, तो घेईल. कोणी म्हणालं, दोन ब्रेकची गाडी घरच्या वापराला कोण घेतो, आधी तो दुसरा ब्रेक काढा. मठ्ठ्याची वाटी तोंडाला लावता लावता लोक माझा संसार आवरायला निघाले होते. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, नागपूरहून आले होते. ते म्हणाले, "तिनं काही पाहायचं नाही. सगळं मी पाहतो."

मी उठून दारात गेले. इतके दिवस रडून रडून आवाज घोगरा झाला होता.

"गाडी विकायची नाही, भाऊजी. स्कूल मी चालवीन."

पंगतीतले हात थांबले. नात्यातले एक काका भात कालवत म्हणाले, "अवो बाई, हे काय शिवणक्लास हाय का? ट्रकवाल्यायच्या मधातून गाडी काढा लागते."

"काढते मी. तुम्हाला स्टेशनावरून घरी कोणी आणलं सकाळी?"

आणलं मीच होतं. काका भात कालवत राहिले. जेवणं झाली, पाहुणे गेले, भासरे दुसऱ्या दिवशी जाताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत पाहू." ते असं म्हणाले जसं काही मला मुदत देणं त्यांच्या हातात होतं. मी मान डोलावली नाही.

दोन ब्रेकची गाडी म्हणजे काय ते सांगते. शिकणारा उजवीकडे स्टेअरिंगला बसतो, शिकवणारा डावीकडे. शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक असतो. समोर म्हैस आली, शिकणाऱ्याचे हातपाय गळाले, की डावीकडच्यानं दाबायचं. माझा नवरा त्या डाव्या सीटवर बसून रायपूरच्या निम्म्या दुकानदारांना शिकवून गेला. लग्नानंतर त्यानं मला पहिली भेट दिली ती साडी नव्हे, शिकाऊ लायसन्स. माझे वडील रेल्वेत, आम्ही गुढियारीच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या मुली, घरात सायकलसुद्धा एकच. मी गाडीला इतकी घाबरायचे की पहिले काही दिवस स्टेअरिंगला लटकूनच बसले. तो ओरडायचा, "पुढं पाह्य, पुढं! बॉनेट कायले पाहून राहिली?" मी रडायचे, तो हसायचा, आणि मी शिकले. पुढे बायका शिकायला आल्या की दुपारी तो मलाच पाठवू लागला. लोकांना मात्र वाटलं मी चुलीपुढून उठले ती थेट स्टेअरिंगला बसले. वाटू द्या.

भोपाळपासून तुटून आमचं राज्य नुकतंच नवं झालं होतं. रायपूर एकाएकी राजधानी झालं होतं आणि कोणालाच त्याची सवय नव्हती. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांना बंगले कमी पडले, सिव्हिल लाइन्समधल्या शाळांच्या खोल्यांतसुद्धा कचेऱ्या बसल्या. सदर बाजारात जिथं दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीला मागे जावं लागायचं, तिथं लोक गाड्या घालू लागले. नवरा हात चोळत म्हणायचा, आता आपले दिवस आले. पुढच्याच उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे झाले, मग अंग, आणि मग सगळं फार भराभर झालं. त्याच्यावर मला आधी दुःखापेक्षा राग आला. आता आपले दिवस आले म्हणायचं आणि स्वतः निघून जायचं, ही काय रीत झाली?

पुरुष शिकणारे एकेक करून गेले. कोणी तोंडावर काही बोललं नाही. "दीदी, गाँव जाना है," "दीदी, अभी टाइम नहीं मिल रहा." आरटीओच्या खिडकीतल्या माणसानं माझ्याकडे पाहून विचारलं, "आप चलाएँगी? सीखेगा कौन?" मी म्हटलं, "आपकी मिसेस." खरंच, दोन महिन्यांनी ती आली. कारण बायकांच्या लक्षात एक गोष्ट आली जी पुरुषांच्या आली नव्हती: डाव्या सीटवर बाई असली की सासू परवानगी देते. शाळेच्या बाई आल्या, साहेबांच्या बायका आल्या, सरकारी दवाखान्यातली एक नर्स आली, ती प्रत्येक गोष्टीला "हव दीदी" म्हणायची आणि बरोबर उलटं करायची.

मी त्याच्या जागेवर बसत होते. डावीकडच्या ब्रेकचं रबर त्याच्या पायानं एका बाजूला झिजलं होतं. बदलून घ्या, मेकॅनिक म्हणायचा. मी बदलू दिलं नाही. दुपारी दोन क्लासच्या मधे मी गाडी एखाद्या कडुनिंबाखाली लावायचे, काचा वर करायचे आणि पोटभर रडायचे. मग तोंड पुसून पुढच्या बाईच्या दाराशी हॉर्न वाजवायचे. याच्याबद्दल मला कधी लाज वाटली नाही. घरी रडले असते तर सासूबाई रडल्या असत्या, आणि त्या रडल्या की माझी पोरगी रडायची.

पोरगी तिसरीत होती. सकाळच्या पहिल्या क्लासला ती मागच्या सीटवर असायची, मांडीवर दप्तर, हातात साखरेची पोळी. क्लास संपला की तिला तशीच शाळेत सोडायचे. मराठी सगळं कळायचं, बोलायची हिंदीत. "मम्मी, आंटी का पैर अभी भी क्लच पे है," असं ती मागून सांगायची आणि समोरची आंटी लाजेनं लाल व्हायची. चौबे कॉलनीतल्या आमच्या शेजारणी म्हणत, लेकराला रस्त्यावर वाढवून राहिली. मला ते ऐकू यायचं. एकदा मी आरटीओत अडकले आणि पोरगी शाळेच्या फाटकाशी चौकीदाराजवळ बसून राहिली, सगळी शाळा रिकामी होईपर्यंत. मी पोचले तेव्हा ती नुसती उठून गाडीत बसली. सासूबाईंनी ती गोष्ट नागपूरला फोनवर सांगितली. वाईट मनानं नव्हे. त्यांना पोटातलं कोणाला तरी सांगायचं होतं आणि मी घरात नव्हते.

सासूबाईही विधवा. फार तरुणपणी झालेल्या. त्यांनी त्या वेळी जे जे सोडलं ते मीही सोडावं असं त्यांना वाटायचं. टिकलीवरून एकदा म्हणाल्या, "आता कायले लावतं?" मी म्हटलं, "आई, टिकली मी शाळेत असल्यापासून लावते. ती तुमच्या घरी लग्न करून आली नव्हती." त्या दिवशी त्यांनी माझ्याशी अबोला धरला, पण माझ्या ताटात कारल्याची भाजी झाकून ठेवली. मला आवडते म्हणून.

दसरा ते धनतेरस हा आमच्या धंद्याचा खरा हंगाम. रायपुरात लोक गाडी आधी घेत, शिकत नंतर. मुहूर्तावर गाडी घरी यायलाच हवी, आणि चालवता घरात कोणालाच येत नाही. मग शोरूमवाले ट्रेनिंग स्कूलला बोलावत. आपण जायचं, नवी गाडी घेऊन मालकाच्या दाराशी न्यायची, तिथं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायचं, नारळ फुटायचा, चारी चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि ती लिंबं चिरडत गाडी पहिल्यांदा पुढं न्यायची. तो मान चालवणाऱ्याचा. हे काम मिळालं की त्या घरातले तिघं-चौघं शिकायला तुमच्याकडेच येतात. नवरा असताना सगळे शोरूमवाले आमच्याकडे येत. त्या वर्षी मॅनेजर माझ्या कपाळाकडे पाहत म्हणाला, "दीदी, बुरा मत मानिए, पार्टी पूछती है."

"पार्टी से कहिए, गाडी पेट्रोल पे चलती है."

तो हसला आणि त्यानं काम दिलं. पहिलीच गाडी गुढियारीत, एका धान्याच्या व्यापाऱ्याची. माझं माहेर त्याच भागातलं, पोती वाहणारे हमाल मला चेहऱ्यानं ओळखायचे. दुकानासमोर सगळं कुटुंब नटूनथटून उभं होतं. स्वस्तिक झालं, लिंबं ठेवली गेली. तेवढ्यात घरातल्या म्हाताऱ्या अम्मांनी विचारलं, "बेटी, तुम्हारे आदमी क्या करते हैं?"

"नहीं रहे."

आरतीचं ताट जागीच थांबलं. अम्मा मुलाच्या कानाशी लागल्या. मुलगा घसा खाकरून म्हणाला की पहिल्यांदा चालवायला कोणी सुहागन असती तर बरं. मी दार उघडून उतरले आणि किल्ली आरतीच्या ताटात ठेवली, कुंकवाशेजारी.

"ठीक है. जिसका हाथ शुभ हो, वो चला ले."

सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. येत कोणालाच नव्हतं. आणि गाडी गल्लीच्या ऐन तोंडाशी उभी. मागे तांदळाचा ट्रक आला, त्याच्या मागे दुसरा, हातगाड्या अडल्या, हॉर्न सुरू झाले, हमाल हसू लागले. एक जण ओरडला, "चलावन दे न दाई, ए हमर पारा के बेटी आय!" म्हणजे आमच्या मोहल्ल्याची पोरगी. मी हाताची घडी घालून सावलीत उभी राहिले. मला खोटं बोलायचं नाही, फार बरं वाटत होतं. शेवटी अम्मांनीच ताट माझ्यापुढे केलं. मी किल्ली उचलली, आत बसले आणि काच खाली करून म्हटलं, "अब गाडी के सामने कोई नहीं खड़ा रहेगा. भगवान भी नहीं." लिंबं चिरडली. पुढच्या महिन्यात त्या घरची सून शिकायला आली, आणि चांगली शिकली.

या सगळ्या धावपळीत दिवाळी आली. आमच्यात घरात माणूस गेलं की वर्षाच्या आत त्या घरी सण करत नाहीत. आकाशकंदील नाही, फराळ नाही, नवे कपडे नाहीत. मोठ्यांना चालतं, लेकराला काय सांगणार? म्हणून रीत अशी की अशा घरची मुलं दिवाळीला नातेवाइकांकडे पाठवतात. भासरे आले. म्हणाले, "पोट्टीची तरी दिवाळी होऊ दे. भाऊबीज झाली का आणून सोडतो." रीतीला धरून होतं, आणि मला धनतेरसपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. मी तिची बॅग भरली. स्टेशनावर आगगाडीत चढताना तिनं विचारलं, "आप नहीं आओगी?" मी म्हटलं, "काम आहे ना बेटा."

भाऊबीज झाली. शाळा सुरू झाली. पोरगी आली नाही. मी फोन केला तेव्हा भासरे म्हणाले, सर्दी झाली आहे. पुन्हा केला तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, चांगली रमली आहे, उगाच हलवू नका. तिसऱ्या वेळी भासऱ्यांनी सरळच सांगितलं.

"हे पाह्य, मी इथं शाळेत बोलून ठेवलं. तू तिकडून दाखला पाठवून दे."

"कसला दाखला?"

"शाळा सोडल्याचा. तुले सवड कुठं हाय? पोट्टी फाटकाशी बसून राहते म्हणे. मी तिले दूर कुठं नेली काय? माझ्या भावाची हाय ते."

"तिला द्या फोन."

पोरगी फोनवर आली. "हाँ मम्मी." "कशी आहेस?" "ठीक." "जेवतेस ना?" "हाँ." मागे टीव्हीचा आवाज येत होता. मी विचारलं, घरी यायचं ना? ती म्हणाली, "मोठे बाबा को पूछना पड़ेगा."

मोठे बाबा म्हणजे भासरे. मी फोन ठेवला. माझ्या पोरीला माझ्या घरी यायला परवानगी लागते! भांडण झालं असतं तर मी भांडले असते, पण इथं कोणी भांडतच नव्हतं. सगळे चांगलं वागत होते. चांगुलपणानं माझी पोरगी माझ्यापासून काढून घेत होते आणि मी त्याला धन्यवाद म्हणावं अशी अपेक्षा होती. तिची बाजू घ्यायला तिचा बाप नव्हता. म्हणजे मीच होते.

दुसऱ्या दिवशीचे क्लास मी रद्द केले. नर्सनं विचारलं, क्यों दीदी? मी म्हटलं, मुलीला आणायला नागपूरला जाते. "अकेली? गाड़ी से?" "हो." ती म्हणाली, "हव दीदी," आणि या वेळी तिनं उलटं काही केलं नाही, घरी जाऊन डब्यात पोळ्या आणून दिल्या.

पहाट होऊन उजाडलं तेव्हा मी गाडी पुसत होते. सासूबाई पिशवी घेऊन बाहेर आल्या, लुगड्याचा पदर खोचलेला.

"मी बी येतो."

"आई, तुम्हाला त्रास होईल. लांब आहे."

"तू त्याच्याशी भांडशील. मी नाही आली तर घर फुटते." त्या डावीकडचं दार उघडून बसल्यासुद्धा. मग खाली पाहून म्हणाल्या, "अव माय, हे काय हाय पायाखाली?"

"त्याला हात लावायचा नाही. म्हणजे पाय लावायचा नाही."

त्यांनी पाय वर घेतले. दुर्गपर्यंत घेतलेलेच ठेवले. राजनांदगावच्या पुढे रस्ता अरुंद होतो, समोरून ट्रक अंगावर येतात. पहिला ट्रक आला आणि सासूबाईंनी "माय वो" म्हणत दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली. मागचा बसवाला शिव्या देत गेला. मी ओरडले, "आई!" त्या म्हणाल्या, "तो येऊन राहिला ना अंगावर!" पुढच्या ट्रकला पुन्हा तेच. बाघनदीची सरहद्द येईपर्यंत मी इतक्या वेळा ओरडले की मला हसू यायला लागलं. त्याही हसल्या. नवरा गेल्यानंतर आम्ही दोघी एकत्र पहिल्यांदा हसलो, आणि हसता हसता दोघीही गप्प झालो, कारण तो असता तर सगळ्यात मोठ्यानं तोच हसला असता.

देवरीच्या पुढे जंगल लागलं. रस्ता मोकळा झाला. सासूबाई समोर पाहत एकदम बोलू लागल्या.

"या पोट्ट्यायचे बाबा गेले तेव्हा मोठा नऊ वर्षांचा होता. माझा भाऊ आला वर्ध्याहून. म्हणे, दोन लेकरं तुझ्यानं होत नाही, मोठ्याले मी नेतो. मी हो म्हटलं. चांगलंच केलं त्यायनं, शिकवलं, नोकरीले लावलं. पण सुट्टीत घरी आला का दारात चपला काढून उभा राहे. आत येऊ का, म्हणे. सोताच्या घरी!" त्या थांबल्या. "अजूनही तसाच येते. पाहुण्यासारखा. पाणी दिलं तर पेते, मागत नाही."

मी गाडी चालवत राहिले. साकोलीला चहा घेतला तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावरची टिकली घामानं सरकलेली पाहिली आणि अंगठ्यानं सरळ केली.

नागपूरला दुपारी पोचलो. भासऱ्यांची गल्ली अरुंद, टपावरच्या पाटीमुळे लोक घरातून डोकावून पाहू लागले. जाऊबाईंनी दार उघडलं. भासरे बनियनवर पेपर वाचत होते, धडपडत उठले.

"आई! कायनं आल्या?"

"गाडीनं."

"कोणाच्या?"

"आपल्या," सासूबाई म्हणाल्या आणि आत जाऊन खाटेवर बसल्या.

मी बसले नाही. मी म्हटलं, "भाऊजी, मी तिला न्यायला आले."

भासरे वाईट माणूस नव्हते. ते मला तेव्हाही माहीत होतं, म्हणूनच ते अवघड होतं. त्यांनी शर्ट घातला, मला पाणी द्यायला सांगितलं, आणि शांतपणे बोलू लागले. "मी तिच्यात अन् माझ्या पोट्ट्यायत फरक केला नाही. विचार जावेले. वेळेवर जेवण, वेळेवर अभ्यास. तिकडं काय हाय? तू दिवसभर रस्त्यावर, पोट्टी मागच्या सीटवर. हे काय बालपण हाय? माझा भाऊ असता तर त्यानं असं होऊ दिलं असतं?"

"तुमचा भाऊ असता तर मी मागच्या सीटवर तिच्याशेजारी बसले असते. तो नाही. म्हणून मी पुढं बसते."

"हट्ट हाय हा तुझा."

"आहे."

"बंद कर ना मग स्कूल. घरी राह्य. पोट्टीही राहील, दर महिन्याचा खर्च मी पाहून घेईन."

हे ते मनापासून म्हणाले. आणि त्याच क्षणी मला कळलं की तडजोड म्हणतात ती हीच. पोरगी परत मिळेल, मी घरी बसले तर. मी म्हटलं, "नाही भाऊजी. स्कूलही बंद करणार नाही आणि पोरगीही ठेवून जाणार नाही. यातलं एक निवडा असं तुम्ही तुमच्या भावाला कधी म्हणाला नाहीत. मलाही म्हणू नका."

ते आईकडे वळले. "आई, सांग ना तिले. मी नाही का राहिलो मामाकडं? काय वाईट झालं माझं?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतका वेळ पाहिलं की भासऱ्यांनी नजर खाली घातली. मग त्या जाऊबाईंना म्हणाल्या, "तिची बॅग कुठं हाय?"

पोरगी आतल्या दाराशी येऊन उभी होती. नवा फ्रॉक, दोन घट्ट वेण्या, वर रिबिनी. माझ्या हातानं तशा वेण्या कधी आल्या नाहीत. मला वाटलं होतं ती धावत येईल. ती आली नाही. चौकटीला धरून तिनं विचारलं,

"मोठी आई बोलती हैं आपके पास टाइम नहीं है. है क्या?"

जाऊबाई खाली पाहू लागल्या. सगळे माझ्याकडे पाहत होते. हो म्हणणं सोपं होतं. हो बेटा, तुझ्यासाठी वेळच वेळ आहे. कोणतीही आई तेच म्हणाली असती आणि पुढच्याच सोमवारी खोटी पडली असती.

"नाही," मी म्हटलं. "टाइम नाही माझ्याजवळ. पुढंही नसेल. उद्या सकाळी क्लास आहे, मग आरटीओ आहे. कधी उशीर होईल, तुला थांबावं लागेल. वेण्या वाकड्या होतील. तरी मी तुला न्यायला आले. तू माझी आहेस आणि मी तुला कोणाला देत नाही."

तिनं थोडा विचार केला. "गंदे नंबर आए तो भी?"

"तरी नाही."

"गुस्सा किया तो भी?"

"तरी नाही."

"तो इतने दिन क्यों नहीं आई?" तिचा आवाज फाटला. ती जागच्या जागी उभी राहून रडू लागली, दोन्ही मुठी आवळून, बापासारखी कपाळाला आठ्या घालून. धनतेरस होती, काम होतं, रीत होती. तिला यातलं काय सांगणार? मी जवळ गेले आणि तिचा हात धरला. तिनं तो हिसका देऊन सोडवून घेतला. मग कोपऱ्यातल्या चपला पायात अडकवल्या, मोठ्या बाबांना काही न विचारता दार उघडलं आणि माझ्या आधी जाऊन गाडीत बसली.